मिठागरातली गिअरची सायकल

मी बोलतेय, पण जरा जवळ येऊन ऐका. मोठ्याने सांगावं असं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे. मी एक गिअरची सायकल. डोंगरात चालवायची. धरमतरच्या खाडीकाठी एका घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असते. टेकून अशासाठी की मला स्टँड नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. मी पहिल्यांदा गावात आले तेव्हा लोकांनी हेच विचारलं होतं, की एवढी लांबून आणली आणि अर्धी सायकल दुकानातच ठेवून आलात काय.

माझा जन्म तैवानच्या एका कारखान्यात झाला. माझा सांगाडा ॲल्युमिनियमचा, रंग गर्द निळा. पुढच्या चाकावर दोन्ही बाजूंनी शॉक, म्हणजे खड्ड्यात आपटले तरी स्वाराच्या मनगटाला धक्का बसू नये. टायर जाड, खाचांचे. पुढे तीन दाते-चक्र्या, मागे सात. एका बोटाने खटका दाबला की चेन इकडून तिकडे उडी मारते आणि उभा चढही सपाट वाटायला लागतो. मी बर्फ पडणाऱ्या डोंगरांसाठी बनले होते असं माझ्या खोक्यावरच्या चित्रात होतं. पण मला विकत घेतलं पोपट नावाच्या खलाशाने, सिंगापूरच्या बंदरात.

पोपट मालवाहू जहाजावर होता. त्याची थोरली बहीण धोंडुबाई मिठागरात कामाला जायची. तिचा नवरा काळुराम तापाने गेला तेव्हा तिची मुलगी मृणाली अजून शाळेतही जात नव्हती. धोंडुबाईने मिठाच्या टोपल्या वाहून मुलीला वाढवलं, पेणच्या कॉलेजात घातलं. मृणाली खाडीच्या बांधावरून वडखळपर्यंत चालत यायची आणि तिथून एसटीने पेणला जायची. पोपटमामाला ते चालणं आठवत राहिलं असावं. सुट्टीवर येताना तो सुटे भाग करून, खोक्यात भरून मला घेऊन आला. पंच्याण्णव सालचा हिवाळा होता.

त्याने मला अंगणात जोडलं तेव्हा सगळा पाडा जमला होता. मृणाली गुडघ्यांवर बसून प्रत्येक नट-बोल्ट बघत होती. धोंडुबाई आगरातून आली ती थेट माझ्यापाशी. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"हात धुवून येते," ती म्हणाली. "माझ्या हाताला मीठ हाय."

पोपट हसला. "अगं आक्का, लाव हात. काय होत नाय."

पण तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मगच माझ्या सीटवर ठेवले. ते हात मला खरखरीत लागले. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं. मी नवी होते आणि नव्या वस्तूला जो माज असतो तो मलाही होता.

मीठ माझा वैरी आहे हे पोपटने मृणालीला पहिल्याच दिवशी सांगितलं. खाडीवरचा वारासुद्धा खारा. तो चेनमध्ये शिरतो, छर्ऱ्यांमध्ये शिरतो, तारांना गंज चढवतो. मीठ ॲल्युमिनियमलाही सोसत नाही; त्यावर पांढरे फोड येतात. म्हणून मृणालीने मला जपण्याची रीत ठरवली. दर रविवारी ती चेन काढून रॉकेलमध्ये बुडवायची, जुन्या दातांच्या ब्रशने घासायची, सुकवायची, मग शिलाई मशीनचं तेल एकेका कडीवर थेंब थेंब सोडायची. ब्रेकच्या वायरी ओढून बघायची. मला उलटं करून चाक फिरवायची आणि ते आउट गेलं असेल तर तारा पिळून सरळ करायची. माझ्या ट्यूबचा वॉल्व बारीक, परदेशी. पेणमधला कुठलाच पंप त्याला बसत नसे. त्यासाठी पोपटने दिलेली पितळी टोपी ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवून ठेवायची.

आणि शेवटी मला गोड्या पाण्याने धुवायची. खाडीकाठच्या गावात गोडं पाणी म्हणजे काय ते तिथल्याच माणसांना ठाऊक. नळ गावाबाहेर, तोही मनाला येईल तेव्हा येणारा. धोंडुबाई आगरातून आल्यावर डोक्यावर दोन हंडे घेऊन ते पाणी आणायची. त्यातला एक रविवारी माझ्या अंगावर जायचा. मी चकाकायचे आणि धोंडुबाई भांडी खाऱ्या पाण्याने घासायची. मला ते दिसायचं. पण दिसलं म्हणजे कळलं असं नसतं.

पुढच्या वर्षी मृणालीला रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत नोकरी लागली, लॅबमध्ये. तिने रोह्यालगतच्या अष्टमी गावात एका बाईकडे खोली घेतली आणि मला बरोबर नेलं. रोज सकाळी ती माझ्यावरून कंपनीत जायची. रोह्यात गिअरच्या सायकली कमी आणि त्यावर बसलेली मुलगी एकच. पोरं मागून ओरडायची. मृणाली खटका दाबायची आणि निघून जायची. तिचे पाय बांधावर चाललेले होते, चांगले दणकट. मला असा स्वार मिळाला याचा मला अभिमान होता, आणि तो आजही आहे.

कंपनीत अद्वय नावाचा इंजिनिअर होता. मूळचा पेणचा, वडील शिक्षक, घरी पुस्तकांची कपाटं. त्याची मावसबहीण अंतरा तिथेच ऑफिसात होती. अद्वयला फोटो काढायचा आणि रविवारी डोंगरात सायकल घेऊन जायचा नाद. त्याने मला कंपनीच्या स्टँडवर बघितलं आणि मृणालीला शोधत लॅबमध्ये गेला. त्यानंतर रविवारी ती त्याच्या आणि अंतराच्या सायकलवाल्या मित्रमंडळींबरोबर जाऊ लागली. चणेऱ्याच्या रस्त्यावरचे चढ, तळा गावाकडची माळरानं. बाकीचे दम लागून उतरायचे आणि मृणाली वर पोहोचून त्यांची वाट बघत बसायची. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

एका रविवारी परत आल्यावर सगळे मृणालीच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसले होते. ती माझी चेन पुसत होती. अंतराने विचारलं, "एवढं काय धुतेस गं तिला? आमच्या सायकलींना वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग, बस्स."

"मीठ खातं हिला," मृणाली म्हणाली. "घरी नेली की धुवावीच लागते. आमचं मिठागर आहे ना."

खाडीकाठी सगळेच असं म्हणतात. जो जिथे राबतो ते त्याचं आगर. धोंडुबाई म्हणते आमचं आगर, तिची सोबतीण सरू म्हणते आमचं आगर. मालक मुंबईला असतो, त्याला कुणी बघितलेलंही नाही. मृणालीच्या तोंडून ते लहानपणापासूनच्या सवयीने आलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पण अद्वय म्हणाला, "तुमची मिठागरं आहेत? अगं, कधी बोलली नाहीस."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. मला ते थांबणं चेनवर जाणवलं. तेव्हा एक वाक्य बोललं असतं तर भागलं असतं. तिने फडकं पुन्हा फिरवायला सुरुवात केली.

"किती माणसं आहेत कामाला?" अंतराने विचारलं.

"आहेत," मृणाली खाली बघत म्हणाली. "पंधरा-वीस."

हे मात्र खोटं होतं.

त्या दिवसापासून मृणालीकडे बघण्याची सगळ्यांची नजर किंचित बदलली. मृणाली मालकाची मुलगी, म्हणून तिच्याकडे अशी परदेशी सायकल. माझा हिशेबही लागला. ज्यांना आतापर्यंत कोडं पडलं होतं की ही मुलगी एवढी महाग सायकल कशी बाळगते, त्यांचं समाधान झालं. म्हणजे त्या खोट्याला पुरावा मीच होते. मी मुकाट उभी होते आणि माझ्या निळ्या रंगाकडे बघून लोक ते खरं मानत होते.

मृणालीने घरी जाणं कमी केलं. गेली तरी मला नेत नसे. धोंडुबाई म्हणे विचारायची, सायकल बरी हाय ना.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये अद्वयने टूम काढली. "या रविवारी डोंगर नको. मृणालीच्या मिठागरावर जाऊ. मीठ काढतात ना या दिवसांत? मला फोटो घ्यायचेत."

मृणालीने खूप कारणं सांगितली. ऊन फार असतं, रस्ता वाईट आहे, हायवेला ट्रक असतात. ती जितकी नाही म्हणाली तितका त्यांना तो विनय वाटला.

पहाटेच निघालो. भिसे खिंडीच्या चढाला मृणाली एरवी सगळ्यांच्या पुढे असे, त्या दिवशी सर्वांत मागे राहिली. नागोठण्यानंतर हायवे लागला. कासूला टपरीवर चहा झाला तेव्हा ती म्हणाली, "इथूनच परत फिरू या का? उन्हाचा तडाखा बसेल."

"इतक्या जवळ येऊन?" अद्वय म्हणाला. "तुझ्या लोकांनी काय म्हणायचं, मालकीण दारावरून परत गेली?"

ती हसली. वडखळ येईपर्यंत दोन्ही ब्रेक ती नुसतीच दाबत होती, गरज नसताना.

तिने मुख्य वाट सोडून त्यांना लांबच्या बांधाने नेलं. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. धोंडुबाईची टोळी नेहमी अलीकडच्या वाफ्यांवर असायची. पलीकडून दाखवून आणलं की झालं. आगर उन्हात पांढरं पडलं होतं. वाफ्यांत फावडी ओढणारे गडी, बांधांवर टोपल्या घेऊन एकामागे एक चाललेल्या बाया, आणि काठाला मिठाच्या राशी. अद्वयने कॅमेरा बाहेर काढला. अंतरा म्हणाली, "किती सुंदर आहे तुमचं हे."

मृणाली काहीतरी दाखवत होती, खाडीचं पाणी कुठून घेतात वगैरे, आणि पाठीमागच्या राशीआडून बायांची रांग वर आली. टोळी त्या दिवशी पलीकडेच लावली होती.

पहिली सरू होती, दुसरी धोंडुबाई. डोक्यावर टोपली, टोपलीतून गळणारं खारं पाणी कपाळावरून गालावर. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पाय चिखलाने आणि मिठाने पांढरे.

सरू थांबली. "अगो धोंडे, ही तुझी—"

"थांबा, थांबा, अशाच राहा," अद्वय म्हणाला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मग तो आपुलकीने बोलला, "घाबरू नका. ओळखलं नाही का यांना? तुमच्या मालकीणबाई आहेत."

धोंडुबाईने आधी माझ्याकडे बघितलं. मग मृणालीकडे. मृणाली वाकली आणि माझ्या मागच्या ब्रेकशी काहीतरी करू लागली. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसती वायर धरून ठेवली होती तिने.

सरू तोंड उघडणार एवढ्यात धोंडुबाईने तिचं मनगट धरलं.

"व्हय," ती म्हणाली. "वळखते ना. या ताई. बरं केलंत, आलात."

वारा पडला होता. मी मृणालीच्या हातातून सुटले कशी ते मला सांगता येणार नाही. तिने हात काढला, मला स्टँड नाही, मी बांधावरून घसरले आणि वाफ्यात आडवी पडले. ते पाणी साधं खारं नव्हतं, मीठ धरत आलेलं घट्ट पाणी होतं. चेन, छर्रे, शॉक, सगळं त्यात गेलं.

मृणाली हलली नाही. धोंडुबाईने टोपली खाली ठेवली, पाण्यात उतरली आणि मला दोन्ही हातांनी उचलून वर आणलं. पदराने माझा सांगाडा पुसला, हँडल पुसलं, सीट पुसली. हात धुवायला तिथे गोडं पाणी नव्हतं. म्हणूनच की काय, पुसताना ती बोटं लागू देत नव्हती, नुसता पदर फिरवत होती. खट् असा कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"मीठ लागलं हो तुमच्या सायकलीला," ती मृणालीला म्हणाली. "घरी गेल्यावर धुवा हो ताई. इसरू नका."

"कशा आहेत तुमच्या मालकीणबाई?" अंतराने कौतुकाने विचारलं.

"चांगल्या हायेत," धोंडुबाई म्हणाली. "गरिबाला धरून हायेत."

अद्वयने फोटो काढू दिल्याबद्दल तिच्यापुढे एक नोट धरली. तिने क्षणभर मृणालीकडे बघितलं, नोट घेतली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. मग टोपली डोक्यावर घेऊन रांगेत गेली. सरूने मात्र एकदा मागे वळून बघितलं. ती मृणालीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेने मला जे वाटलं ते अजून उतरलेलं नाही.

मृणालीने मला धुतलं नाही.

त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारीही नाही. तिने मला खोलीमागच्या बोळात लावलं आणि कंपनीत शेअर रिक्षाने जाऊ लागली. मीठ सुकलं. चेनच्या कड्या एकमेकींना चिकटल्या. तारांवर तपकिरी डाग आले, गिअरचा खटका दाबला तरी वायर जागची हलेना. माझ्या निळ्या रंगाखाली बारीक पांढरे फोड उठले. कधी कधी ती बोळाच्या तोंडाशी यायची, हातात पाण्याची बादली असायची, आणि तशीच परत जायची. ती मला शिक्षा करत होती की स्वतःला, मला कळत नव्हतं. घरीही ती गेली नाही. पोपटमामाचं पत्र आलं, आईने निरोप पाठवला, ती गेली नाही.

मे महिन्यात कंपनीचा वर्धापनदिन होता. कॉलनीच्या हॉलमध्ये कामगारांच्या कलाकृतींचं प्रदर्शन मांडलं होतं, रांगोळ्या, भरतकाम, फोटो. अंतरा आदल्या दिवशी बोळात आली. "अगं, काय दशा केलीस हिची," ती म्हणाली. "चल, मी पुसते. अद्वयच्या फोटोजवळ हिला ठेवायचीय. त्याला पहिलं बक्षीस आहे आणि फोटोत ही आहे."

मृणालीने विचारलं नाही कुठला फोटो. तिला समजलं होतं. ती नको म्हणाली, पण अंतराने मला ओढतच नेलं; मागचं चाक फिरत नव्हतं.

अशी मी त्या फोटोखाली उभी राहिले. फोटो मोठा करून चौकटीत बसवला होता. धोंडुबाई वाकून मला पुसते आहे. चेहरा अर्धा दिसतो. कपाळावर मिठाचा ओघळ, ओठ किंचित उघडे, जणू आजारी माणसाला पुसते आहे. फोटो खरंच चांगला होता. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: मिठागरातील मजूर स्त्री.

लोक येत होते, बघत होते, अद्वयच्या पाठीवर थाप देत होते. मृणाली बरीच उशिरा आली. येऊन फोटोसमोर उभी राहिली. तिच्या मागून दोनदा माणसं सरकली तरी ती हलली नाही.

"आवडला?" अद्वयने विचारलं. "तुझ्यामुळे मिळाला हा."

"खाली नाव लिही," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"तिचं. धोंडुबाई काळुराम म्हात्रे."

"तुला नावसुद्धा माहीत आहे?" तो खरोखर खूश झाला. खिशातून पेन काढत म्हणाला, "काळुराम म्हणजे नवरा ना?"

"माझे वडील," मृणाली म्हणाली. "ती माझी आई आहे."

अंतराचा हात माझ्या हँडलवर होता. तो तिने काढून घेतला.

"पण त्या दिवशी त्या तुला ताई म्हणाल्या," अद्वय म्हणाला.

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"तू होतास ना तिथे," मृणाली म्हणाली. "मी काही बोलले नाही."

अद्वय पेन हातात धरून उभा होता. त्याला बहुधा ती नोट आठवली असावी, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. "अगं, सांगायचंस ना," तो हळू म्हणाला. "आम्ही काय वेगळं वागलो असतो का?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तुम्हाला तशी संधीच दिली नाही मी."

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, फोटोखाली नाव लिहिलं, मला धरलं आणि बाहेर पडली. मागचं चाक फरशीवर घासत होतं आणि सगळा हॉल तो आवाज ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला रोहा स्टेशनात गाडीच्या लगेज डब्यात चढवलं आणि कासूला उतरवलं. तिथून गावापर्यंत ती मला अर्धी उचलून, अर्धी ढकलत घेऊन गेली. धोंडुबाई पडवीत तांदूळ निवडत होती.

"ही काय गत केलीस गो?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "धुवायला सांगितलं होतं ना."

मृणाली उंबऱ्याशी बसली. हॉलमधलं सगळं तिने सांगितलं. मी वाट बघत होते की धोंडुबाई तिला जवळ घेईल. पण तिचा चेहरा कसनुसा झाला.

"सांगितलंस कशाला?" ती म्हणाली. "मी निभावून नेलं होतं ना. नोटसुद्धा घेतली. नाय घेतली असती तर त्यांना संशय आला असता. आता सगळ्या कंपनीत झालं, मिठवालीची पोर."

"तू मला ताई का म्हणालीस, आये?"

धोंडुबाई तांदळातला खडा शोधत राहिली.

"मग काय म्हणू? तू मान खाली घातलीस. वर बघितलं असतंस तर माझी बाय म्हटलं असतं."

मृणाली रडली. धोंडुबाई उठली, आत गेली आणि हंडा घेऊन आली. तो तिने माझ्या चाकाजवळ ठेवला. "धू आता," एवढंच म्हणाली.

मृणालीने तो हंडा उचलला आणि परत आत नेऊन ठेवला. मग कळशी घेऊन गावाबाहेरच्या नळावर गेली, रांगेत उभी राहिली, आणि तिने आणलेल्या पाण्याने मला धुतलं. पोपटने दिलेल्या पान्यांनी मला पुरतं उघडलं. अंगणात गोणपाटावर माझे सगळे भाग मांडले. छर्रे गंजून खडबडीत झाले होते. चेन गेली होती. पुढचा शॉक आतून जाम झाला होता, तो आजही जामच आहे. पेणहून साध्या सायकलचे छर्रे आणले, साधी चेन आणून तोडून बसवली. मागच्या सातपैकी तीन गिअर कसेबसे लागतात. ॲल्युमिनियमवरचे फोड घासून गेले नाहीत.

याला आता अडीच वर्षं झाली. नव्याण्णव साल सरत आलंय. मृणाली अजून त्याच कंपनीत आहे. सुरुवातीला काही जण तिच्याशी जपून बोलायचे, मग ते विसरले. अद्वय एकदा गावात आला होता. धोंडुबाईला नमस्कार केला, बराच वेळ बसला आणि फार थोडं बोलला. ती त्याला साहेब म्हणत होती आणि तो दर वेळी नको म्हणत होता. आता मृणाली दर शनिवारी घरी येते, मला स्वच्छ करते, आणि रविवारी आम्ही तिघी पेणच्या बाजाराला जातो. मृणाली मला हाताने धरून चालते, पिशव्या माझ्या हँडलला असतात.

धोंडुबाई मागून चालते.

ही सवय तिला आधी नव्हती. पूर्वी मृणाली कॉलेजात असताना ती बाजारात तिचा हात धरून गर्दीतून पुढे ओढायची. आता वडखळ सोडून हायवेला लागलो की ती हळूहळू मागे पडते, चार पावलं, पाच पावलं. मृणाली थांबते. मग तीही थांबते, पदर सारखा करते, कुणाशीतरी बोलल्यासारखं करते. "तू हो पुढं," म्हणते. "मी येते मागनं." मृणाली हळू चालली तर ती त्याहून हळू चालते. मला ढकलताना मृणालीचं लक्ष रस्त्याकडे नसतं, सारखं मागे असतं, आणि माझं चाक वेडंवाकडं जातं.

मृणालीने आपल्या परीने उपाय काढलाय. कुणी विचारो न विचारो, ती सांगत सुटते. भाजीवाल्याला, पंक्चरवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला. "ही माझी आई." गेल्या रविवारी रामवाडीच्या नाक्यावर कॉलेजातले जुने सर भेटले. त्यांनी मृणालीची चौकशी केली, माझ्याकडे बघून ही तीच सायकल का म्हणून विचारलं. मृणाली म्हणाली, "हो सर. आणि ही माझी आई." वळून बघते तर धोंडुबाई मागच्या दुकानाच्या पायरीआड उभी, जणू काही विकत घ्यायचंय. सर गेल्यावर ती आली.

"सगळ्यांना काय सांगत बसतेस गो," ती म्हणाली. "लाज वाटते मला."

मी मधे होते. एका बाजूला मृणालीचा हात होता, दुसरी बाजू मोकळी होती.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. तुम्ही त्या रस्त्याने गाडीने जात असाल आणि वडखळ-पेणच्या दरम्यान एक मुलगी जुनी निळी सायकल ढकलत चाललेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. हॉर्न वाजला की धोंडुबाईला मागे व्हायला निमित्त मिळतं. जरा रस्ता रुंद सोडा आणि बाजूने निघून जा.